घडीमास्तरांची पाच उत्तरं

घडीमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते धुलाईघरातल्या बायकांनी ठेवलेलं. त्यांच्या हातून चादर निघाली की चारी कोपरे असे जुळलेले असत की मधून मुंगीला वाट मिळू नये. आमच्या मोठ्या दवाखान्याच्या, म्हणजे मनाच्या आजारांच्या दवाखान्याच्या धुलाईघरात ते आणि मी सव्वीस वर्षं समोरासमोर उभे राहिलो. दवाखान्याची चादर एकट्याने घडी होत नाही. दोन टोकं त्यांनी धरायची, दोन मी. झटकायची, ताणायची आणि चालत एकमेकांजवळ येऊन माझी टोकं त्यांच्या हातात द्यायची. दिवसाला तीनशे चादरी. मी एकदा म्हटलं, "नवऱ्याच्या जेवढी जवळ मी वर्षभरात जात नाही, मास्तर, तेवढी तुमच्या एका दिवसात येते."

ते म्हणाले, "मालकांना सांगू नका, ताई. इथे नोकरी मागायला येतील."

अशी एखादी गंमत महिन्यातून एकदा. बाकी माणूस अबोल. दुपारी डबा खाऊन झाला की डबा धुवायचा, पुसायचा, झाकण लावायचं आणि भिंतीला टेकून डोळे मिटायचे. घरी कोणी नाही, वाट बघणारं कोणी नाही. बायका म्हणायच्या, कोणत्या मातीचा बनलाय कोण जाणे. मला माहीत होतं. मी कधी तोंड उघडलं नाही.

कारण आमची ओळख धुलाईघरातली नव्हेच. ती त्याच्या नऊ वर्षं आधीची आहे. तेव्हा मी वॉर्डात आया होते.

शाळेचं आणि माझं तिसरीनंतर पटलं नाही. त्यामुळे बादली, फडकं आणि खराटा हीच माझी पाटी. वॉर्डाच्या टोकाला एक खोली होती, तिला आम्ही चित्रांची खोली म्हणायचो. ज्या पुरुषांना पुरुषाची ओढ आहे, त्यांना घरचे आणून सोडायचे आणि डॉक्टर त्यांना त्या खोलीत बसवायचे. आधी उलटीचं इंजेक्शन, मग अंधार, मग भिंतीवर पुरुषांची चित्रं. पोटात ढवळून यायचं तेव्हाच चित्र यायचं. असं दिवसाआड. म्हणजे पुढे कधी तसा विचार मनात आला तरी ओकारी यावी, असा हिशेब. बादली धरायचं काम माझं. एका हाताने बादली, दुसऱ्या हाताने कपाळ. आईला मूल आजारी असताना जे करावं लागतं तेच, फक्त इथे आजार आम्हीच आणलेला.

मास्तर आले तेव्हा तेवीस वर्षांचे होते. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. तिथल्याच एका सोबत्यावर त्यांचा जीव होता. थोरल्या भावाने कुठेतरी काहीतरी बघितलं आणि हाताला धरून आणलं. "तीन महिन्यांत सरळ करून द्या," भाऊ म्हणाला, जसं काही वाकलेली सळई लोहाराकडे आणलीय.

दर गुरुवारी मोठे डॉक्टर टेबलापलीकडे बसून एकेकाला पाच प्रश्न विचारायचे. झोप लागते का. भूक लागते का. तो माणूस आठवतो का. आठवला तर कसं वाटतं. पुढे काय ठरवलंय. दाराबाहेरची फरशी मी त्याच वेळी पुसायची. पाच वर्षं ऐकत होते. कोणत्या उत्तराला माणूस घरी जातो आणि कोणत्या उत्तराला पुन्हा चित्रांच्या खोलीत, हे मला डॉक्टरांपेक्षा चांगलं कळायला लागलं होतं. मग मी पोरांना शिकवायला लागले. फडकं पिळता पिळता, ओठ न हलवता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ते खातच होते, मी म्हटलं निदान तोंड कसं दाबायचं ते तरी नीट शिका.

"तो आठवतो का?" मी विचारलं.

"हो," मास्तर लगेच म्हणाले.

"नापास."

"पण आठवतो ना."

"आठवू दे की. विसरा असं मी कुठे म्हणते? पटकन नाही बोलायचं. पटकन बोललं की डॉक्टरला खरं वाटत नाही. खाली बघायचं, मनात तीनपर्यंत मोजायचं आणि म्हणायचं, कधीकधी. अजिबात नाही म्हटलं तरीही नापास."

"आणि कसं वाटतं विचारलं तर?"

"किळस येते म्हणायचं. स्वतःची."

ते म्हणाले, "ते मला म्हणता येणार नाही."

"भाऊ, बादली मी उचलते. तुमच्या पोटात आता हिरव्या पाण्याशिवाय काही उरलेलं नाही. म्हणून टाका. शब्दाला काय जातंय?"

पाचवं उत्तर सगळ्यात भारी होतं. पुढे काय ठरवलंय, तर 'घरचे म्हणतील तसं.' ते ऐकून डॉक्टर पेनाचं टोपण लावायचे. टोपणाचा टक आवाज आला की बाहेर मला कळायचं, पोरगं सुटलं.

मास्तरांच्या वेळी टोपण वाजलं तिसऱ्या गुरुवारी. मास्तरांच्या आधी अकरा जण गेले होते. मी त्या दिवशी घरी जाताना रस्त्याने हसत होते. तिसरी शिकलेल्या बाईने एवढ्या मोठ्या डॉक्टरला गंडवलं, या खुशीत.

गंडवलं कोणाला ते पुढे कळलं. घरच्यांना वाटलं, माणूस बरा झाला. वर्षाच्या आत लग्न लावलं. घरचे म्हणतील तसं, हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं ना.

दोन वर्षांनी त्यांची बायको मला शोधत दवाखान्याच्या फाटकाशी आली. सडपातळ, नीटनेटकी, पदर घट्ट धरलेला. नवऱ्याने कधीतरी सांगितलं होतं की आजारपणात तिथल्या आयाने जीव लावला. कसलं आजारपण, ते सांगितलं नव्हतं.

"ते वाईट वागत नाहीत," ती म्हणाली. "आवाज चढवत नाहीत. पण मी समोर गेले की भिंतीकडे बघावं तसं बघतात. माझ्यात काही खोड आहे का हो?"

फाटकाशी पहारेकरी उभा होता. मला नोकरी होती, पदरात दोन पोरं होती. मी म्हटलं, "पुरुषमाणूस असतो अबोल. एखादं मूल झालं की बोलायला लागेल."

म्हणजे तिलाही मी उत्तरच शिकवलं. सहा वर्षं काढून ती माहेरी गेली ती परत आली नाही. नंतर कळलं की ती आरशात बघायची नाही. वेणीसुद्धा पाठ करून घालायची. तिचं कोणी वाकडं केलं नव्हतं, फक्त तिला खरं सांगितलं नव्हतं.

त्यानंतर लवकरच मी वॉर्डातून धुलाईघरात बदली मागून घेतली. कपाळं धरून धरून माझ्या हाताला तो घाम कायमचा चिकटल्यासारखा झाला होता. आणि भावाने मास्तरांना घराबाहेर काढलं तेव्हा ते फाटकाशी आले, म्हणाले, "ताई, काम आहे का कसलंही?" मी त्यांना चादरीची दोन टोकं दिली. पुढचं सांगितलंच आहे. सव्वीस वर्षांत आम्ही चित्रांच्या खोलीचं नाव काढलं नाही. खोली पुढे बंद झाली, तिथे जुन्या खाटा ठेवल्या. मग धुलाईचं काम बाहेरच्या ठेकेदाराला गेलं आणि आम्ही दोघंही एकाच दिवशी घरी बसलो.

मास्तर आमच्याच गल्लीत राहतात. कुलूपवाल्याच्या दुकानावर एक खोली, जिना इतका अरुंद की लठ्ठ माणसाने खालूनच हाक मारावी. घरी ते आजूबाजूच्या लोकांचे कपडे इस्त्री करतात. माझ्या नातीची नोकरी चष्म्याच्या दुकानात आहे, तिचे सदरे त्यांच्याकडेच जातात. ती म्हणते, आजी, मास्तरांनी इस्त्री केलेला सदरा घातला की माझी पाठही ताठ होते.

गेल्या वर्षी एके दिवशी सकाळी मास्तर माझ्या दाराशी आले. हातात इस्त्री, वायर नीट गुंडाळलेली.

"ही ठेवा," म्हणाले.

"बिघडली का?"

"नाही. मला आता लागणार नाही."

आणि सहज बोलावं तसं सांगितलं की छापखान्याच्या फाटकावर कागद चिकटवलाय, त्यांचा तो सोबती गेल्याचा. एवढ्या वर्षांत मला त्याचं नावही माहीत नव्हतं, आणि त्यांनी ते त्या दिवशीही घेतलं नाही. "रोज सकाळी मी त्या रस्त्याने दूध आणायला जायचो," म्हणाले. "दूध तर कोपऱ्यावरही मिळतं, ताई."

मी वॉर्डात काम केलेली बाई. ज्याने आपली आवडती वस्तू वाटून टाकली त्याच्यावर नजर ठेवायची, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. माझ्या हातात ती इस्त्री थंडगार.

मी नातीला सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही. मास्तर तसे आहेत आणि त्यांचं माणूस गेलं, एवढंच. तिला काही नवल वाटलं नाही. आजकालच्या पोरींना कशाचंच वाटत नाही, ते एका अर्थी बरं आहे. ती म्हणाली, "माझ्या दुकानातला मित्र एका बाईंकडे जातो. मन मोकळं करायला. अशाच लोकांना त्या मदत करतात."

"बदलून देतात?"

"नाही ग आजी. उलट. तू आहेस तसा ठीक आहेस, असं धरूनच त्या सुरुवात करतात. मग जगायचं कसं, दुःख कसं सोसायचं, ते बघतात."

"काही बदलत नाही, तर फी कशाची घेतात?"

ती हसली. मला हसू आलं नाही. डोक्यात आलं, अशी एक बाई तेव्हा असती तर मी फरशीच पुसली असती, दुसरं काही नाही.

मास्तरांना तयार करायला आठवडा लागला. "जा, माझ्यासाठी जा," म्हटल्यावर गेले. दर मंगळवारी, दंतवैद्याच्या दवाखान्यावरच्या मजल्यावर. तीनदा जाऊन आले आणि माझ्याकडे येऊन चहा घेत म्हणाले, "बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, तुम्ही बरेच सावरलात. आता महिन्यातून एकदा आलात तरी चालेल."

"इतक्यात?"

"मी चांगलं सांगितलं ना सगळं."

"काय विचारतात त्या?"

"झोप लागते का विचारलं."

"मग?"

मास्तरांनी कपाकडे बघितलं. क्षणभर थांबले. "लागते म्हटलं."

तो क्षण मी ओळखला. एक, दोन, तीन.

दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून मी त्यांचा जिना चढले. कोपऱ्यात अंथरुणाची घडी होती. तशीच, धारदार. मी तिच्या वरच्या पदरावर नातीच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण ठेवलं, त्यांचं लक्ष नसताना. चार दिवसांनी पुन्हा गेले. बटण जागच्या जागी. माणूस चार रात्री अंथरुणात आडवा झाला नव्हता. खुर्चीच्या पाठीवर मात्र डोक्याच्या तेलाचा डाग. आणि खिडकीतली कुंडी दुसऱ्या कोणाला तरी दिलेली.

म्हणजे ज्या खोलीत खरं बोललं तरी बादली येत नाही, तिथे बसून मास्तर माझी पाच उत्तरं देत होते. झोप लागते, भूक लागते, कधीकधी आठवतो. पाठच झाली होती ती, अठ्ठेचाळीस वर्षांत. आणि बाईंना काय कळणार? ती उत्तरं बनवलीच होती शिकलेल्या माणसाला फसवायला. बनवणारी मी.

मी दंतवैद्याचा जिना चढले. खोलीत दोन खुर्च्या, मध्ये टेबलच नाही. टेबल नसलेली ही कसली डॉक्टर, असं मनात आलं. बाई चाळिशीच्या, पायात साध्या चपला.

"आजी, एक सांगते," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे कोण येतं, काय बोलतं, मी कोणाला सांगत नाही. ते येतात की नाही, हेही नाही."

"नका सांगू. मला विचारायचं नाही, सांगायचंय."

आणि मी सांगितलं. चित्रांची खोली, बादली, गुरुवार, पाच प्रश्न, पाच उत्तरं, तीनपर्यंत मोजणं, अंथरुणावरचं बटण. अर्ध्या तासात एकदाही त्यांनी मला बरोबर किंवा चूक म्हटलं नाही. त्यांचे डोळे मात्र भरले होते. शेवटी म्हणाल्या, "ते माझ्याकडे येत असतील तर तुम्ही आलात हे मी त्यांच्यापासून लपवून ठेवणार नाही. इथे तसं चालत नाही. तुम्हाला त्यांना आधी स्वतः सांगायचं असेल तर आजच सांगा."

मास्तरांनी मला पहिल्याच मंगळवारी बजावलं होतं, त्या दिवसांचा विषय तिथे काढायचा नाही, कोणापुढेच काढायचा नाही. आमच्या इतक्या वर्षांच्या मैत्रीला एकच अट होती आणि ती मी मोडून आले होते.

घरून एक धुतलेली चादर घेतली आणि त्यांच्याकडे गेले. म्हटलं, हाताला काम असलं की जीभ हलते. त्यांनी दोन टोकं धरली, मी दोन. झटकली, ताणली. मग चादर ताणलेली असतानाच मी सांगितलं.

त्यांनी टोकं सोडली. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून चादर जमिनीला लागली नव्हती.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही झोपत नाही, मास्तर."

"तुम्हीच शिकवलंत लागते म्हणायला."

"त्या खोलीतून काढायचं होतं तुम्हाला."

"काढलंत की. कुठे नेऊन ठेवलंत?" ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "डॉक्टरने फक्त ओकायला लावलं, ताई. किळस येते हे मी तुमच्याकडून शिकलो. इतकं चांगलं शिकलो की पुढे ते खरंच व्हायला लागलं. तो एकदा भेटायला आला होता, लग्नानंतर. मी दार उघडलं नाही. आत बसून तीनपर्यंत मोजत होतो."

मग म्हणाले, "आणि तिचं काय? ती काय शिकली होती?"

उत्तरांची दुकानदारी माझी, आणि त्या दिवशी दुकानात काही नाही.

"जा तुम्ही," म्हणाले.

चादर उचलून मी जिना उतरले. खाली कुलूपवाला म्हणाला, "काय आजी, घडी जमली नाही वाटतं आज?" मी म्हटलं, "नाही जमली बाबा." आणि त्याला सांगून ठेवलं की वर लक्ष असू दे, पावलं वाजली नाहीत तर मला हाक मार.

त्यानंतर तीन आठवडे मास्तर आले नाहीत. गल्लीत दिसले की पलीकडच्या बाजूने जायचे. नात सांगायची, मंगळवारी जाताना दिसले. मी मंगळवार धरून जगत होते. मधल्या दिवसांत कुलूपवाल्याकडे चकरा. तो म्हणायचा, "वाजतात हो पावलं. पहाटेपासून वाजतात." घरातल्या चादरी मी एकटीच हनुवटीखाली धरून दुमडायची. कोपरे जुळायचे नाहीत. सून म्हणाली, "आई, राहू द्या, मी करते." तिला काय सांगणार.

चौथ्या मंगळवारी संध्याकाळी दार वाजलं. मास्तर. आत या म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. ज्यांच्या विजारीच्या घडीवर भाजी चिरावी, त्यांची विजार चुरगळलेली.

"आज त्यांनी विचारलं झोप लागते का," ते म्हणाले. "मी नाही म्हटलं."

मी दार पूर्ण उघडलं.

"आठवतो का विचारलं. म्हटलं, रोज. दूध आणायला जाताना, आणि आता दूध आणत नाही तरीही. मग सगळं बोललो. कुंडी का दिली, तेही." त्यांनी दाराची चौकट धरली. "त्या काही लिहीत नव्हत्या. नुसत्या ऐकत होत्या. आणि मी बोलून झाल्यावर वाट बघत बसलो."

"कशाची?"

"बादलीची."

आत कुकरची शिट्टी झाली, गॅस सुनेने बंद केला असेल.

"आली नाही," ते म्हणाले. मग, "एकाहत्तराव्या वर्षी कळलं, ताई. काय उपयोग आता."

मी सांगणार होते की उपयोग आहे, अजून किती आयुष्य पडलंय, असं काहीबाही. जिभेवर आलेलं गिळलं. उत्तरं द्यायची नाहीत, असा कानाला खडा लावलाय.

"माझी इस्त्री द्या," ते म्हणाले.

मी कपाटातून आणली. टॉवेलात गुंडाळून ठेवली होती. त्यांनी टॉवेल काढून माझ्या हातात दिला, वायर बघितली, तिथेच उभ्या उभ्या उलगडली आणि आपल्या पद्धतीने पुन्हा गुंडाळली. वेळ लागला.

"झोप येते का आता?" मी विचारलं.

"नाही. पण खोटं बोलून जागणं आणि खरं बोलून जागणं, यात फरक आहे. एवढंच."

"मंगळवारी जाणार ना?"

"जाणार. आता आठवड्यातून दोनदा बोलावलंय."

ते वळले. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले. मला राहवलं नाही.

"मास्तर, उद्या चहाला याल का?"

त्यांनी मागे वळून सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. खाली बघितलं नाही, थांबले नाहीत, मोजलं नाही.

"नाही," म्हणाले.

मी म्हटलं, "बरं."